खडीची कड

गवंडी फाटकात उभा राहून म्हणाला, "आजी, तुम्ही सावलीत बसा, हे बायकांचं काम नाही," आणि तिथंच त्याचं काम गेलं.

गल्ली जिला पाठीमागे मुकादमीण म्हणायची आणि तोंडावर बाई, त्या बाईंनी त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "बायकांचं नाही म्हणजे पुरुषांचं असणार," त्या म्हणाल्या. "एखादा पुरुष सापडला की कळवते तुला." आणि फाटक त्याच्या नाकासमोर लावून घेतलं. त्यानं काढून ठेवलेली दोरीची गुंडाळी आतच राहिली. ती बाईंनी परत दिली नाही. पुढे तीच वापरली.

काम म्हटलं तर साधं होतं. फाटकापासून घराच्या पायऱ्यांपर्यंत गाडी येण्यापुरता खडीचा रस्ता होता आणि त्याला कड नव्हती. नवऱ्यानं खडी टाकली तेव्हाच तो म्हणाला होता, कड पुढच्या वर्षी घालू. त्याची सगळी पुढची वर्षं संपली, फोटो होऊन तो भिंतीवर गेला, पण कड काही आली नाही. तोवर खडी मोकाट सुटली होती. फुलांच्या वाफ्यात खडी, गटारात खडी, पायपुसण्यात खडी. एकदा तर लेकीच्या शिलाई मशीनच्या पायडलमध्ये एक खडा अडकला आणि पट्टाच तुटला. बाई रोज सकाळी खराट्यानं खडी आत ढकलायच्या आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा बाहेर आलेली असायची.

इतकी वर्षं हे चाललं होतं. मग एक दिवस चिरंजीवांचा फोन आला.

चिरंजीव म्हणजे बाईंचा धाकटा. दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत होता. आईची आठवण त्याला काम असलं की यायची, पण बाईंच्या हिशेबी आठवण ती आठवण. त्या दिवशी त्यानं तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं आणि मग म्हणाला, "आई, आपल्या फाटकातून मोठी गाडी आत येते ना? दोन गाड्या उभ्या राहतील?"

"राहतील की. न राहायला काय झालं?"

"आणि ती खडी अजून तशीच पसरलीय? तिला कड तेवढी घालून घे बाई. कड असली की घर कसं उठून दिसतं."

फोन ठेवेपर्यंत बाईंचं सगळं ठरलं होतं. दोन गाड्या म्हणजे एक त्याची, एक सुनेची. पाहुणा एका गाडीनं येतो. दोन गाड्या घेऊन येतो तो राहायलाच येतो. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की बाईंचा मुलगा कायमचा घरी येतोय. संध्याकाळी इस्त्रीवाला अभिनंदन करून गेला.

लेक तेव्हा पुढच्या खोलीत कपडे शिवत बसली होती. तोंडात टाचण्या होत्या. त्या न काढताच तिनं विचारलं, "राहायला येतो असं म्हणाला तो?"

"सगळं तोंडानं बोलून दाखवायला तो काय तू आहेस?"

"मी कुठे काय बोलते?"

"तेच म्हणते मी. बोलायचं नाही आणि तोंड मात्र असं करून बसायचं."

लेक सासरहून परत आली त्याला बरीच वर्षं झाली होती. का आली हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आली, पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन मांडलं आणि शिवायला लागली. घरातला किराणा, दिव्याचं बिल, बाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या, सगळं त्या मशीनच्या चाकावरून यायचं. ते बाईंना ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी बोलून दाखवायची बाईंना सवय नव्हती.

"तर," बाई म्हणाल्या, "ही खोली मोकळी करायला हवी. ते आले की सामान कुठे ठेवतील?"

लेकीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सगळ्या खोचून झाल्यावर म्हणाली, "मशीन कुठे नेऊ?"

"मागच्या बोळात. न्हाणीघराजवळ जागा आहे की. दिवा लाव."

लेकीनं मशीन नेलं. तिला सुईत दोरा ओवायला दिवसाउजेडीही दिवा लावावा लागायला लागला. पण ती एका शब्दानं बोलली नाही. बाईंना वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

*

दगड घरचेच होते. कुंपणाची जुनी भिंत पाडून नवी बांधली तेव्हाचे घडीव दगड पाण्याच्या टाकीमागे रचलेले होते. गवंड्याचं म्हणणं होतं की हे नकोत, बाजारात सिमेंटचे तयार मिळतात, सगळे एकसारखे. बाईंना एकसारख्या गोष्टींचा राग होता. एकसारखे म्हणजे कुणाचेच नाहीत.

त्यांनी गुंडाळीतली दोरी सोडली. फाटकाच्या खांबाजवळ एक खुंटी, पायऱ्यांजवळच्या वळणाच्या अलीकडे दुसरी, मध्ये ताणलेली दोरी. दोरीच्या कडेनं कुदळीनं चर खणायला घेतला. हातभर खणलं की कंबर धरायची, मग त्या उभ्या राहून गल्लीकडे रागानं बघायच्या, जणू कंबर गल्लीनं धरली होती. चरात जाड वाळू टाकली, धुम्मसानं ठोकून बसवली. मग एकेक दगड. दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत, बाकीचा वर. रबरी हातोड्यानं डोक्यावर दोन ठोके, दोरीला डोळा लावून बघायचं, वर राहिला तर आणखी एक ठोका, खाली गेला तर उपसून खाली वाळू. मागून सिमेंटचा माल थापून घ्यायचा, म्हणजे चाकाचा धक्का बसला तरी दगड कलंडत नाही. हे सगळं त्या गवंड्यांच्या डोक्यावर बसून आयुष्यभर बघत आल्या होत्या. उगाच नाव पडलं नव्हतं मुकादमीण.

लेक कापड पोचवून परत आली की साडी खोचून दगड आणून द्यायची. एक दिवस दगड ठेवता ठेवता म्हणाली, "आई, माल लावायच्या आधी दगड नुसते मांडून बघ ना. कपड्याला कड घालतानासुद्धा आधी टाचतात. लांब लांब टाके घालून. नाही जमलं तर ओढला दोरा की निघतं."

"ज्याचा हातावर भरवसा नाही, त्यानं टाचावं."

सरळ होतं तोवर भरवसा चालला. पायऱ्यांपाशी रस्ता वळत होता, तिथं बाईंच्या हाताखालून दगड फिरले. वळणावर त्यांच्यामध्ये फटी पडल्या, म्हाताऱ्याच्या दातांसारख्या. बाईंनी त्या मालानं बुजवल्या. दुसऱ्या दिवशी माल सुकला तेव्हा वळण असं दिसत होतं की जणू कुणी रागानं पाय आपटत गेलंय. बाईंनी छिन्नी घेतली आणि कुणाशीही न बोलता सगळं फोडून काढलं.

त्या जेवून बाहेर आल्या तर वळणावर बागेची पाण्याची नळी पडलेली होती. नुसती पडलेली नव्हती. फाटकाकडून येऊन पायऱ्यांकडे वळत, जशी गाडी वळेल तशी सुरेख गोलाईत. लेक मागच्या बोळात मशीन चालवत होती.

बाईंनी नळीच्या कडेनं राखेची रेघ मारली. दगड आधी नुसते मांडले, रुंद बाजू बाहेर, निमुळती आत. मग माल लावला. संध्याकाळी लेक नळी गुंडाळायला आली तर त्या म्हणाल्या, "असू दे तिथंच. सिमेंटला पाणी मारायला लागते."

त्यांच्या मानानं हेही पुष्कळ होतं.

दुसऱ्या बाजूची कड चालू होती तेव्हा मात्र एकदा ठिणगी पडली. लेक घमेलं टेकवून उभी राहिली आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "जन्मभर त्याची कड घेतलीस. आता त्याच्या गाडीलाही कड घालतेस."

"लहान होता तो."

"मी काय म्हातारी होते? दोघांच्या वयात फरक तो किती! तुझ्या कडेवर मला जागा नव्हती, आणि तू कामाला लागलीस की तोसुद्धा माझ्याच कडेवर. अजून ही एक बाजू दुखते."

बाईंनी दोरी ताणून बघितली. दोरी ताणलेलीच होती.

"दगड आण," त्या म्हणाल्या.

लेकीनं दगड आणला.

त्याच सुमारास ती निळ्या चौकड्यांचे पडदे शिवत होती. बाई न्हाणीघराकडे जाताना थांबल्या. "कुणाचे गं?"

"गिऱ्हाईकाचे."

"खिडकी अगदीच टीचभर दिसते. बिचारी कुठल्या बिळात राहते?"

"लहान आहे," लेक म्हणाली, "पण उजेड येतो म्हणतात."

*

चिरंजीव आले तेव्हा एकच गाडी आली. मोठी होती, पण एक. खडीवरून करकर करत आत आली, वळणावर चाकं कशी अल्लाद कडेच्या आतून वळली ते बाईंनी पायरीवर उभं राहून बघितलं आणि त्यांचा जीव सुपाएवढा झाला. गाडीतून चिरंजीव उतरले. दुसऱ्या बाजूनं सुनेऐवजी चकचकीत बुटांचा एक माणूस उतरला. हातात मोजायची फीत होती.

"सून कुठाय?"

"तिला सुट्टी नाही, आई. हे आपले ओळखीचे आहेत. घरांची कामं बघतात."

बाईंना वाटलं, घराची दुरुस्ती करायची असेल, राहायला यायच्या आधी. त्या पाणी आणायला आत गेल्या. पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो माणूस खडीवर फीत धरून उभा होता.

"दोन आरामात राहतात," तो चिरंजीवांना सांगत होता. "घेणाऱ्याची तेवढीच अट होती. बाकी घर जुनंय, पण ही कड काय झकास घातलीय! गिऱ्हाईक आधी फाटकातूनच बघतं ना. कुणाकडून करून घेतली?"

"माणूस लावला होता आईनं," चिरंजीव म्हणाले.

बाईंनी थाळी पुढे केली. थाळी धरलेल्या बोटांच्या कातडीला सिमेंटनं भेगा पडल्या होत्या, एका नखाखाली काळं रक्त साकळलं होतं. त्या बोटांजवळूनच चिरंजीवांनी पेला उचलला. बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

आत पुढच्या खोलीत ते बसले. खोली मोकळी होती, भिंती पुसलेल्या, खिडकी घासून लख्ख. जिथं मशीन असायचं तिथं फरशीवर दोन चाकांच्या खुणा होत्या, त्या बाईंना कितीही घासून निघाल्या नव्हत्या.

"आई, एवढं मोठं घर दोघींना कशाला?" चिरंजीवांनी आवाज मऊ केला. लहानपणी काही फोडलं की करायचे तसा. "गिऱ्हाईक चांगलं आलंय. तू आमच्याकडे ये."

"आणि ती?"

"ताईचं काय, तिचं मशीन कुठेही चालतं. एखादी खोली बघेल."

मागच्या बोळात मशीन थांबलं.

"मला कुठे ठेवशील?" बाईंनी विचारलं.

"अगं, हॉल केवढा मोठाय! हॉलच्या एका कडेला तुझी सोय करू. दिवाण आहे, समोरच टीव्ही. मध्ये कुणाच्या येण्याजाण्यात तू नाहीस, तुझ्यात कुणी नाही."

"कडेला," बाई म्हणाल्या.

"हो, मस्त कडेला."

बाईंनी चिरंजीवांचा रिकामा पेला थाळीत ठेवला. बुटवाल्याला वाटलं, सौदा जमला. त्यानं पेला खाली ठेवला. मग बाईंनी पदर खोचला, आणि ज्यांनी ज्यांनी आयुष्यात त्यांना पदर खोचताना बघितलं होतं ते सगळे अशा वेळी दोन पावलं मागे सरायचे. चिरंजीव मात्र विसरले होते.

"तुम्ही विचारलंत ना," बाई बुटवाल्याला म्हणाल्या, "कुणाकडून करून घेतली? तो माणूस मीच. कुठे काम असलं तर जरूर सांगा, मी येईन. पण हे घर माझ्या नावावर आहे, आणि हे विकायचं नाही."

"आई!"

"काय आई? दोन गाड्या उभ्या राहतील का म्हणून विचारलंस, मला वाटलं माझी माणसं येणार. तुला गिऱ्हाईकाच्या गाड्या मोजायच्या होत्या. आणि माझ्याकडून त्याच्यासाठी रस्ता करून घेतलास. माझ्या हातानं. फुकट."

"ताईनं कान भरलेत तुझे."

"तिनं?" बाई हसल्या, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "ती माझ्याशी धड बोलत तरी होती का?"

चिरंजीव उठले. म्हणाले, नीट विचार कर, घाई नाही, मग फोन करतो. गाडी मागे घेताना त्यांचं लक्ष आरशात नव्हतं, फोनवर होतं. फाटकाजवळ मागचं चाक कडेवर चढलं, शेवटचा दगड मालासकट उचकटून बाहेर आला. काहीतरी खडखडलं हे त्यांना कळलं असणार. पण उतरून कुणी बघितलं नाही.

*

बाईंनी चहासुद्धा घेतला नाही. उरलेले दगड घमेल्यातून ओढत फाटकाशी नेले आणि दोन खांबांच्या मधोमध, रस्त्याला आडवा, चर खणायला घेतला.

लेक आतून आली. "हे काय?"

"कड पुरी करतेय."

"फाटकात?"

"आता कुणाची गाडी यायचीय? दोन बाजूंना कड आहे, तिसरीकडे पायऱ्या. चौथ्या बाजूनं झाली की खडी कुठेच जायची नाही."

"आई," लेक म्हणाली, "माझा टेम्पो यायचाय."

कुदळ थांबली. "कसला टेम्पो?"

"मशीन न्यायला. खोली घेतलीय मी, कापडवाल्याच्या दुकानावर. उद्या सकाळी जाणार."

बाईंच्या डोळ्यांपुढे निळ्या चौकड्यांचा टीचभर पडदा आला. कुठल्या बिळात राहते बिचारी, असं विचारलं होतं त्यांनी.

"कशाला पण?" त्या म्हणाल्या. "तो येत नाहीये. पुढची खोली मोकळी आहे."

"तो येत नाही म्हणून मोकळी आहे," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, कधीच चढवत नसे. "तो आला असता तर नसती. मी त्याच्या उरलेल्या जागेत बसायचं?"

"मी घर विकायला नाही म्हटलं. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. माझ्यासाठी नाही म्हटलंस?"

इथं एक साधं "हो" पुरलं असतं. कुणीही म्हटलं असतं. पण बाई उभ्या आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आता या वयात ती कला कुठून शिकणार?

"त्यानं मला कडेला ठेवतो म्हटलं म्हणून."

लेकीनं मान हलवली, जणू तिला एवढंच ऐकायचं होतं. "एका वाक्यावर तुझा जीव एवढा तडफडला. मी न्हाणीघराजवळ दिवा लावून बसले, रोज. पण मी बोलले नाही ना, म्हणून तुला कळलं नाही."

ती आत गेली. बाईंनी चर पुरा खणला, वाळू टाकली, ठोकली, दगड मांडले. घमेल्यात माल कालवून तयार होता. थापी हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग घमेलं उचललं, फाटकाबाहेर चिरंजीवांनी उखडलेला दगड होता तो जागेवर बसवला, सगळा माल त्याच्या मागे थापला आणि थापी धुऊन टाकली.

सकाळी टेम्पो आला आणि फाटकात थांबला. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "आजी, हे दगड आडवे कुणी घातले? आता पहार आणावी लागणार."

"लागणार नाही," बाई म्हणाल्या. त्या वाकल्या आणि पहिला दगड उचलून बाजूला ठेवला. तो नुसताच मांडलेला होता. दुसराही. तिसराही.

"अरे वा, सुटेच आहेत की! माल लावायला विसरलात?"

मशीनचं एक टोक धरून लेक पायऱ्या उतरत होती.

"विसरले नाही," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "टाचून ठेवले होते."

लेक एका पायरीवर थांबली. टेम्पोवाल्याला वाटलं वजन पेलत नाही, त्यानं धावत जाऊन दुसरं टोक धरलं. मग ती उतरली. टेम्पो आत आला, मशीन चढलं, कपड्यांची गाठोडी चढली, निळे पडदे सगळ्यांत वर. बाई शेवटचा दगड हातात घेऊन उभ्या होत्या. तो खाली ठेवला तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"गुडघ्याच्या गोळ्या फडताळात आहेत," लेक म्हणाली. "वरच्या खणात."

"मला दिसतं."

"बरं."

टेम्पो निघाला. चाकांखालून खडी उडाली, दोन्ही बाजूंच्या दगडांवर टकटक आपटली आणि आतच पडली. वाफ्यात एक खडा गेला नाही. बाईंनी कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. काम चोख झालं होतं. खराटा उचलायचंही कारण उरलं नव्हतं.